दाराला पाठ लावून, डावीकडून पहिला

एकाच तारेला जोडलेली दोन यंत्रं शेजारी शेजारी बसून कामं करतात आणि एकमेकांची त्यांना गंधवार्ताही नसते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. अंधेरीत एका बेकरीच्या माळ्यावर नेटवर्किंगचा क्लास चालायचा. खालून पावाचा वास यायचा आणि वर सर फळ्यावर चार आकडे लिहायचे, मध्ये टिंबं देऊन. म्हणाले, हा यंत्राचा पत्ता. पहिले तीन आकडे गटाचे, शेवटचा त्या गटातल्या यंत्राचा. गट बदलला की शेजारचं यंत्रही परकं. मग म्हणाले, प्रत्येक गटात शून्य नंबर कोणालाच द्यायचा नाही, ते गटाचं स्वतःचं नाव. आणि शेवटचा, दोनशे पंचावन्न, तोही कोणाला द्यायचा नाही. त्या नंबराला हाक मारली की गटातल्या सगळ्यांना एकदम ऐकू जाते.

बाकीची मुलं वहीत उतरवून घेत होती. मी नुसती बघत बसले. वाकोल्याच्या आमच्या खोलीत आम्ही सहा माणसं, मध्ये एक पडदा, आणि पडद्याअलीकडची कुजबुज पलीकडे गेली नाही असं एकदाही घडलेलं नव्हतं. इथे कोणीतरी नुसत्या आकड्यांचा पडदा शोधून काढला होता, आणि त्यातून खरंच काही ऐकू जात नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "काय गं, नापास झालीस काय?"

मला मुळातच वर्गवारीचा नाद. माझ्याकडे दोरीवर वाळत घातलेले कपडेसुद्धा माणसागणिक असतात, आणि कोणी बनियन रुमालांत टांगलं तर माझं डोकं फिरतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांनी घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेटवर्क बघायची नोकरी लागली, आणि तिथे चार मजल्यांवरची सगळी यंत्रं एकाच गटात कोंबलेली दिसली, तेव्हा मला घरात चपला घालून कोणी शिरावं तसं वाटलं. बिलिंग, लॅब, एक्स-रे, वॉर्ड, कॅमेरे, सगळे एकत्र. यंत्राला दुसऱ्या यंत्राशी बोलायचं असलं की ते आधी सगळ्या गटाला विचारतं, अमक्या नंबराचा कोण आहे? दोनशेच्या वर यंत्रं दिवसभर हेच विचारत सुटलेली. औषधांच्या दुकानाचं बिल बाळंतिणींच्या वॉर्डात छापून येई. डॉक्टरांच्या टेबलावर एक्स-रे उघडेपर्यंत पेशंट खाली जाऊन चहा पिऊन येई.

ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये मी योजना मांडली. तारा त्याच, तारा जोडणारे डबे तेच, फक्त पत्ते नवे. बिलिंगचा एक गट, लॅबचा एक, एक्स-रेचा एक, असे गट पाडायचे. सगळ्यात शेवटी फोनचा गट: जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढून टाकायचं आणि टेबलांवरचे फोनही नेटवर्कवर घ्यायचे. कोणीतरी विचारलं, मग ऑपरेटरचं काय? मी म्हणाले, "ऑपरेटरची गरज राहणार नाही. रेकॉर्ड केलेला आवाज सांगेल, लॅबसाठी एक दाबा, बिलासाठी दोन दाबा."

हे बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. भाजीवाला वर चार मिरच्या टाकतो तसं मी ते वाक्य फुकटात टाकलं, योजना भारी दिसावी म्हणून. प्रशासकबाईंनी ते मिनिट्समध्ये लिहून घेतलं. ठरलं असं, की दसऱ्यानंतर फोनचा गट सुरू करायचा आणि महिनाअखेर ऑपरेटरला रेकॉर्डरूमला पाठवायचं.

ऑपरेटरना दिसत नव्हतं, जन्मापासून. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत अठ्ठावीस वर्षं ते टेलिफोनच्या बोर्डासमोर बसत होते आणि निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती. रेकॉर्डरूम म्हणजे छतापर्यंत कागद. ज्याला दिसत नाही त्याने तिथे बसून काय करायचं, हा प्रश्न त्या मीटिंगमध्ये एकालाही पडला नाही. मलाही नाही. आज लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

गट पाडायचे तर कुठलं यंत्र कुठे आहे ते आधी कळायला हवं. हॉस्पिटलची यादी होती, पण ती वाचून हसावं की रडावं कळेना. यादीत फिजिओथेरपीत असलेला कॉम्प्युटर प्रत्यक्षात कॅन्टीनच्या मागे धूळ खात होता आणि यादीत नसलेले चार तिसऱ्या मजल्यावर जोरात चालले होते. मी तीन आठवडे मजले पालथे घातले. वॉर्डात गेलं की राउंड चालू, लॅबमध्ये गेलं की सॅम्पल चालू, आणि सगळीकडे एकच उत्तर, मॅडम, नंतर या ना. एका दुपारी लॅबला फोन लावून घ्यायला जिन्याखालच्या खोलीत शिरले आणि लॅपटॉप टेबलावर आपटून म्हणाले, "वाट लागली माझी."

"कसली गो वाट?" ऑपरेटरकाका म्हणाले. सगळं हॉस्पिटल त्यांना काका म्हणायचं. बाहेरच्यांशी ते स्वच्छ, छापील मराठी बोलत, पण माझी आई मालवणकडची आहे हे त्यांनी माझ्या दोन वाक्यांत ओळखलं होतं, आणि तेव्हापासून माझ्याशी मालवणीच.

"यंत्रं कुठे कुठे आहेत तेच सापडत नाही, काका."

"इतक्याच? बस. लिवन घे."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. म्हणाले, "काका, सव्वादोनशे आहेत."

"दोनशे एकतीस. तू कॅमेरे धरूक नाय वाटता."

मी बसले. त्यानंतर अकरा दिवस, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी मला ते हॉस्पिटल सांगितलं. गोष्ट सोपी होती. कोणाचंही यंत्र बिघडलं की पहिला फोन काकांना येई आणि ते दुरुस्तीवाल्याला जोडून देत. जोडता जोडता ते ऐकत. कुठली खोली, कुठलं टेबल, उजवीकडचं की खिडकीकडचं. "माका दिसत नाय म्हणान लोक माका सगळा इस्कटून सांगतत," ते म्हणाले. डोळसांना कोणी एवढं समजावून सांगत नाही, हेही खरंच.

त्यांची सांगायची पद्धत एकच होती. "दाराक पाठ लावून उभी रव. डाव्या हाताक पयलो पॉइंट." मग दुसरा, तिसरा, भिंतीभिंतीने पूर्ण खोलीला वळसा घालून परत दाराशी. मी म्हणाले, काका, मला खात्याप्रमाणे सांगा, मला तसे गट लावायचेत. ते म्हणाले, तसं जमणार नाही, "माका खोली अशीच दिसता." त्यांनी 'दिसता' म्हटलं आणि मी हट्ट सोडला. भिंतीवरच्या पॉइंटांना त्यांच्याच क्रमाने नंबर दिले, तशीच लेबलं चिकटवली. पॉइंट म्हणजे भिंतीतली ती चौकोनी भोकं, ज्यात यंत्राची तार खोचतात.

पहिल्या संध्याकाळी मी पडताळून बघायला गेले. दोन खोल्या, अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी पाच. चौथ्या मजल्यावरच्या एका डॉक्टरांच्या खोलीबद्दल काका म्हणाले होते, "टेबलाखाली एक म्हातारो आसा, तेका बंद करूक इसारले." डॉक्टर म्हणाले, माझ्या टेबलाखाली काहीही नाही. मी जमिनीवर बसून फायलींचा ढीग बाजूला केला. मागे एक जुना कॉम्प्युटर कोमट होऊन घरघरत होता. किती वर्षं चालू होता देव जाणे. ती खोली आयुष्यात न पाहिलेल्या माणसाला तो माहीत होता आणि त्यावर पाय ठेवून बसणाऱ्याला नव्हता.  त्यानंतर मी पडताळणं सोडून दिलं.

एक दिवस त्यांनी विचारलं, ह्या सगळ्याचं तू करणार काय? मी गटांचं सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला.

"म्हणजे वाडयो," ते म्हणाले. "आमच्या गावाक रस्तो एकच. पण देवळाकडची वाडी येगळी, वयली वाडी येगळी. पत्रार आधी वाडी लिवची, मगे घर. एका वाडयेतली भांडणा दुसऱ्या वाडयेक आयकाक जावची नाय. असाच मा?"

मला हे समजायला क्लासमध्ये आठवडा लागला होता. मी म्हणाले, असंच, काका.

"मगे एका वाडयेतल्याक दुसऱ्या वाडयेत निरोप धाडूचो झालो तर?"

मी म्हणाले, मध्ये एक डबा असतो. एका गटातून दुसऱ्या गटात जाणारं प्रत्येक बोलणं त्याच्याकडूनच जातं. कोणाला कोणाकडे जाऊ द्यायचं ते तो ठरवतो आणि जोडून देतो.

त्यांनी बोर्डावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यासारखो."

मी मान डोलावली, आणि मग लक्षात आलं की मान डोलावून उपयोग नाही. "हो," म्हणाले. तेवढा एक शब्द उच्चारायला मला जड गेलं. त्यांनीच पुढे सांगितलं, सरळ आवाजात, की त्यांना रेकॉर्डरूमला पाठवणार आहेत म्हणे. "पगार तोच. पण थय आवाज नाय गो. कागद बोलनत नाय. घराक माका फोन कोण करता? हय दिवसाक तीनशे लोक बोलतत." मी लॅपटॉपवर उगाच काहीतरी टाइप करत राहिले. हे माझ्यामुळे झालं असं सांगायची माझी छाती झाली नाही. उलट, त्यांना ते माहीत नाही याचं मला बरंच वाटलं.

एका रविवारी सकाळी मी गट पाडले. रॅकसमोर उभी राहून मी एकेक गट वेगळा करत गेले. रॅक म्हणजे ते लोखंडी कपाट, जिथे सगळ्या मजल्यांच्या तारा येऊन स्विचच्या डब्यांत शिरतात. प्रत्येक तारेला एक हिरवा दिवा. तोवर ते सगळे दिवे एकदमच फडफडत असत, एकाने विचारलं की सगळ्यांची झोपमोड. लॅब वेगळी केली, तशी काही दिव्यांची फडफड थांबली. मग बिलिंग. मग कॅमेरे. शेवटचा गट बाजूला केला आणि पूर्ण कपाट शांत झालं. दिवे चालूच होते, पण आता प्रत्येक आपापल्या कामापुरता लुकलुकत होता. तार एकही हलवलेली नव्हती. नुसते आकडे बदलले होते आणि दोनशे एकतीस यंत्रं एकमेकांच्या कानाआड गेली होती. मी काही देवभोळी बाई नाही, पण माझे हात आपोआप जोडले गेले. सोमवारी डॉक्टरांचा एक्स-रे पेशंट खुर्चीवर टेकायच्या आत उघडला. लोक मला मॅडम, झकास, म्हणायला लागले आणि मी जमिनीपासून दोन बोटं वर चालायला लागले.

बाराव्या दिवशी खंडेनवमी आली.

हॉस्पिटल त्या दिवशी बंद नसतं, पण खात्याखात्यात यंत्रांची पूजा होते. रक्तदाबाचं यंत्र, मायक्रोस्कोप, स्ट्रेचर, लिफ्ट, सगळ्यांना हार. सकाळी पुसापुशी, म्हणजे कॉम्प्युटरच्या तारा काढायच्या, सगळे एका टेबलावर मांडायचे, हळदकुंकू, झेंडू, पेढे. पूजा झाली की परत जागेवर, आणि तार जो पॉइंट रिकामा दिसेल त्यात. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं आणि कधी काही बिघडलं नव्हतं, कारण सगळे पॉइंट एकाच गटाचे होते. आता मी प्रत्येक पॉइंट एकेका गटाला बांधून दिला होता. एकाच खोलीत वॉर्डाचा, लॅबचा आणि कॅमेऱ्याचा पॉइंट शेजारी शेजारी. पत्ता एका वाडीचा आणि खोचलं दुसऱ्या वाडीत, तर यंत्राची हाक कोणालाच जाणार नाही. पासवर्ड कसे ठेवावेत यावर मी दोन पानी पत्रक काढलं होतं. तारा परत त्याच पॉइंटात घाला, हे एक वाक्य मात्र कोणाला सांगितलं नव्हतं. कॅलेंडर तर माझ्या डोळ्यांसमोरच टांगलेलं होतं. त्या सकाळी तारा इकडच्या तिकडे होत असताना मी काय करत होते? रॅकला हार घालत होते.

साडेअकराला एक्स-रे उघडेनासे झाले. मग बिलं थांबली. मग लॅबचे रिपोर्ट ऑपरेशन थिएटरला पोचेनात, आणि तिथे खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजी टेबलावर होत्या. मी दुसऱ्या मजल्यावर धावले. बायकांच्या वॉर्डात पॉइंटांची लेबलं वाचायला वाकले, तर प्रत्येक लेबलावर बोटभर ओलं कुंकू आणि वर अक्षता. सिस्टर कौतुकाने म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पॉइंटांचीसुद्धा पूजा केली हां." माझ्या जिभेवर आलेलं मी गिळलं. चूक कोणाची आहे ते मला तोवर कळून चुकलं होतं. कुठली तार कुठे गेली हे शोधायला चार मजले, एकेक टेबल सरकवत, मला दोन दिवस लागले असते.

मी लॅपटॉप घेऊन जिन्याखाली गेले. काकांनी थिएटर आणि लॅब आधीच जोडून दिले होते. लॅबमधला माणूस आजींच्या रक्ताचे आकडे मोठ्याने वाचत होता आणि थिएटरमधले डॉक्टर ते परत म्हणून दाखवत होते. जुने फोन अजून काढलेले नव्हते म्हणून हे जमलं. ते झाल्यावर काका माझ्याकडे वळले. "चवदा खोल्यांत घोळ आसा. बाकी सगळा बरा. खयसून सुरू करूया?" एवढ्या वेळात आलेल्या फोनांवरून त्यांनी ते मनात मांडून ठेवलं होतं.

मी म्हणाले, लेबलं दिसत नाहीत.

"नंबर रवांदे," ते म्हणाले, आणि बायकांच्या वॉर्डाचं बटण दाबलं. "सिस्टर, दाराला पाठ लावून उभ्या राहा. डावीकडून पहिला पॉइंट. त्यातली तार हातात धरा आणि हाताने तिच्यामागून जा. डोळ्यांनी नको, गुंत्यात डोळे फसतात. हात सोडू नका. कुठल्या यंत्रापाशी पोचलात?"

सिस्टर म्हणाल्या, लॅबचे रिपोर्ट बघतो त्या.

"पयल्यार लॅबचा," काका मला म्हणाले. वॉर्डाचा पहिला पॉइंट कोणता ते माझ्या तक्त्यात होतंच, त्यांच्याच क्रमाने. मी त्याचा गट बदलून लॅबचा केला. तार कोणी हलवायची नाही, पॉइंटनेच आपली वाडी बदलायची. फोनवर सिस्टर ओरडल्या, "आलं, आलं!" मग दुसरा पॉइंट. मग पुढची खोली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका सिस्टर सांगत होत्या ते जुळेना. त्या म्हणत होत्या, पॉइंट तीनच आहेत. काका जरा ऐकत राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही वॉर्डात नाही, बाजूच्या स्टोअरमध्ये आहात. वॉर्डाचा पंखा कुरकुरतो, तो ऐकू येत नाही."  मग सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, हो काका, फोनची वायर लांब आहे ना, ओढत आले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डोळे मिटलेले, एक हात बोर्डावर, दुसरा हवेत, भिंतीवरून फिरवावा तसा हळूहळू डावीकडून उजवीकडे. ते तिथे, जिन्याखाली, नव्हतेच. ते त्या त्या खोलीत दाराला पाठ लावून उभे होते. मी आयुष्यभर आकड्यांच्या पडद्याचं कौतुक केलं, आणि इथे एका माणसाच्या डोक्यात चार मजले, सगळ्या खोल्या आणि दोनशे एकतीस यंत्रं, एकही लेबल न लावता, जागच्या जागी होती. मला शरम वाटली आणि त्याहून जास्त असं वाटलं, की हे बघायला मिळालं हे माझं नशीब. दोन तास दहा मिनिटांत चौदाही खोल्या बोलायला लागल्या. मी मान वर केली तर दारात प्रशासकबाई उभ्या होत्या, हातात पेढ्यांचा डबा. केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे.

दसऱ्याची सुट्टी झाल्यावर मी प्रशासकबाईंकडे गेले. म्हणाले, ऑपरेटरना हलवू नका.

"तूच म्हणालीस ना, ऑपरेटर लागणार नाही? मिनिट्समध्ये आहे."

"म्हणाले. चुकले. तेही मिनिट्समध्ये घाला."

"एका दिवसाच्या कामासाठी?"

"मॅडम, कुठल्या यंत्राचा पत्ता काय ते माझ्याकडे लिहिलेलं असतं. यंत्र खरं कुठे आहे ते त्यांनाच माहीत असतं. आणि ऑपरेटरचं ते वाक्य मी योजनेत उगाच घातलं होतं, स्वतःची शेखी मिरवायला."

बाईंनी मिनिट्सची फाईल उघडली. त्यांचा स्वभाव असा की कौतुक त्यांच्या तोंडून पक्कड लावून काढावं लागे. शेवटी म्हणाल्या, नवे फोन येऊ देत, पण पहिला आवाज माणसाचाच राहील, निवृत्तीपर्यंत. त्यांच्या टेबलाला लागेल तो फोन तू निवडून दे. मग पेन उचललं आणि मला जायची खूण केली.

मी जिने उतरून खाली आले. म्हणाले, "काका, तुमची खुर्ची राहिली. अडीच वर्षं कोणी हलवत नाही."

"बरा झाला," ते म्हणाले. पण त्यांचा हात बोर्डाच्या कडेवर होता आणि त्यांनी ती कड घट्ट धरलेली मला दिसली.

तेवढ्यावर मी निघून गेले असते तर चाललं असतं. पण मला राहवेना. म्हणाले, "काका, मीटिंगमध्ये ते मी बोलले होते. ऑपरेटर नको म्हणून. माझ्यामुळेच होत होतं ते सगळं."

"म्हायत आसा."

"कधी कळलं?"

"त्याच सांजेक. एका ट्रस्टीनी घराक फोन जोडूक सांगल्यानी. लायन लागासर बाजूच्याक सांगत होते, ती नवी पोरगी काय हुशार आसा, ऑपरेटरच नको म्हणता. तू हय येवन बसलंस तेच्या किती आधी."

म्हणजे 'लिवन घे' म्हणाले त्या दिवशी त्यांना माहीत होतं. अकरा दिवस ते स्वतःचा डबा थंड करून मला तीच यादी सांगत होते, जिच्या शेवटी त्यांची खुर्ची जाणार होती. मी विचारलं, मग का सांगितलंत?

"तुझी यादी चुकली आसती तर हाल पेशंटांचे झाले आसते." मग म्हणाले, "आणि गो, अठ्ठावीस वर्सां लोक माझ्याकडसून दुसऱ्याक मागतत. माझ्याकडेच काय मागूक, अशी तू पयली इलंस."

बोर्ड वाजला. त्यांनी फोन उचलला, "नमस्कार, बोला," म्हणाले, आणि पलीकडच्या घाबऱ्या बाईला समजावत समजावत तिच्या आईच्या वॉर्डाला जोडून दिलं. मी भिंतीकडे तोंड करून ओढणीने डोळे पुसले. त्यांना दिसणार नाही, असं मनात म्हणत होते. त्यांनी फोन ठेवला.

"रडा नको," ते म्हणाले. "आवाज येता."